करडी आणि तांबडी

राजेश्वर गावच्या शिवारात माझी गाडी अडकली, तेव्हा मला आधी आंबिलीची काळजी वाटली, मग गाडीची, आणि सगळ्यात शेवटी माझ्या अब्रूची.

येळवसचा दिवस होता. वेळा अमावस्येला आमच्या मुलखात येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरून जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची, भाज्या-डाळींची भज्जी, भाकरी आणि बाजरीच्या उंड्यांवर ताव मारायचा, आणि वर मडक्यातली गार आंबील प्यायची. राजेश्वरला सिद्धेश्वरमामाच्या शेतात आंबील जाते ती आमच्या घरून, गुलबर्ग्याहून, माझ्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातची. त्या वर्षी ती न्यायचा मान मी मागून घेतला होता. आंबिलीचं निमित्त होतं, मला करडी पळवायची होती.

करडी म्हणजे आमची गाडी. माझ्या अप्पांची डाळमिल आहे, आणि तुरीच्या एका चांगल्या हंगामानंतर त्यांनी ती हौसेनं घेतली. सहा सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांत ताकद, पाय जरा जास्त दाबला की पाठ सीटला चिकटलीच. आणि असली गाडी अप्पा बैलगाडीच्या चालीनं चालवतात. "आवाज न्हाई, धक्का न्हाई, गुणाची हाय," एवढंच त्यांचं मत. तिचे बाकीचे गुण फक्त मला ठाऊक होते.

पण गुणाची असली तरी बुटकी. मामाच्या शेताच्या गाडीवाटेवर दोन चाकोऱ्यांमध्ये मातीचा उंचवटा आहे. ट्रॅक्टरवाल्यांना तो दिसतही नाही. करडी मात्र त्यावर पोट टेकून बसली, आणि मागची चाकं नुसतीच काळी माती उडवू लागली.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. आरशात एक लालबुंद सेडान, माझ्या गाडीइतकीच बुटकी.

"पुढं घ्या की जरा," आतला माणूस मान बाहेर काढून म्हणाला.

"अडकलीय."

"अशी कशी अडकली? बघू—" म्हणत त्यानं गाडी थोडी पुढं घेतली. खालून कर्र असा आवाज आला.

"आता तुमची बी अडकली," मी म्हणाले.

"व्हय... कळायलंय मला."

तो उतरला. उंच, उन्हानं रापलेला, कपाळावर विभूतीची तीन बोटं. सरळ माझ्याकडं चालत आला, आणि मी ओढणी नीट करेपर्यंत खाली वाकून करडीच्या पोटाखाली बघायला लागला. "तेलाची टाकी वाचली," तो समाधानानं म्हणाला. जणू मी तिथं नव्हतेच. मला राग आला, आणि त्याच्या मानेवरचे कुरळे केस छान आहेत हेही त्याच वेळी दिसलं.

मामाचा ट्रॅक्टर आला, दोन्ही गाड्या ओढून झाल्या, गावभर हसून झालं. येळवसला बांधावर आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नसतं, त्यामुळं तोही आमच्या कोपीपाशी जेवायला बसला. नाव महेशकुमार. शेजारच्याच शेतातला, बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत त्याची गोदामं. त्याच्याही गाडीत घरच्या आंबिलीचं मडकं होतं. आमच्या मडक्यातला थेंब सांडला नव्हता. त्याचं अर्धं मडकं मागच्या सीटवर होतं.

"तुमच्या गाडीला स्प्रिंगा हायत का लोखंडी खाट?" मी विचारलं.

"तांबडी पळायसाठी हाय. तुमची झोपायसाठी."

"एक महिना चालवून बघा, मग बोला."

"तुम्ही तांबडी चालवा एक महिना. परत देतानी रडू येईल तुम्हाला."

माझ्या आधीच शेतात पोचलेले अप्पा आंबील पीत ऐकत होते. त्यांना माणसांपेक्षा पैजा जास्त आवडतात. "एका महिन्यात काय कळतंय?" ते म्हणाले. "बैलजोडी बी वर्षभर वापरल्याशिवाय कळत न्हाई. वर्षभर अदलाबदल करा. पुढच्या येळवसला निकाल सांगा, इथंच."

मामानं महेशच्या घराची हमी दिली. आणि मी, गुलबर्ग्याची शैलश्री, जिनं आपल्या गाडीची चावी मामालाही कधी दिली नव्हती, ती एका दिवसाच्या ओळखीच्या माणसाच्या हातात ठेवली. मला त्या रात्री झोप आली नाही. गाडीच्या काळजीनं, असं मी अव्वाला सांगितलं.

ठरलं असं की अमावस्या झाली की येणाऱ्या रविवारी हुमनाबादला भेटायचं. गुलबर्गा आणि बिदर दोन्हीकडून ते सोयीचं पडतं. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात चहा घ्यायचा, महिन्याचा अनुभव सांगायचा, चाव्या बदलायच्या. दोन्ही गाड्यांत सीटची जागा लक्षात ठेवणारी बटणं होती. एक दाबलं की सीट आणि आरसे एका माणसाच्या मापावर जातात, दोन दाबलं की दुसऱ्याच्या.

"एक नंबर मालकाचा, दोन नंबर पाहुण्याचा," महेश म्हणाला. मी माझ्या गाडीत एक, त्याच्या गाडीत दोन. तो तसाच, उलट.

तांबडी पहिल्या आठवड्यातच माझ्या अंगावर आली. करडी रस्त्यावरचा खड्डा पोटात घालते, तांबडी तो जसाच्या तसा कानात सांगते. कमलापूरच्या वळणांवर मात्र... काय सांगू. हात जरासा वळवला की नाक वळलेलं. मनात आलं की गाडी तिथं. कुरीकोट्याच्या पुलावरून मी एकटीच हसत आले. अव्वाला मात्र तिच्यात मागं बसवलं तर दोन स्पीड ब्रेकरनंतर ती म्हणाली, "माझी कंबर मला परत दे."

हुमनाबादला पहिल्या बदलीच्या दिवशी मी त्याच्या गाडीत कमलापूरची तांबडी केळी ठेवली. तांबडीला तांबडी. पुढच्या वेळी करडी परत आली तेव्हा तिच्यात शेंगाच्या चटणीची पुडी होती, आणि सगळ्या गाडीला लसणाचा वास.

"हे काय?" मी फोनवर विचारलं.

"करडी लई सभ्य हाय. तिला जरा ठसका पाहिजे म्हणलं."

"आणि मी? मी सभ्य न्हाई का?"

"तुमच्यात ठसका हाय की... आधीच."

मी फोन ठेवला आणि उगाचच मिलमध्ये एक चक्कर मारून आले. हमाल माझ्याकडं बघून हसत होते. बहुतेक मीच हसत होते.

उन्हाळा आला. मे महिन्यात गुलबर्ग्याचं ऊन माणसाची परीक्षा घेतं, गाडीची तर घेतंच. करडीचा एसी वेशीपर्यंत जाईतो गार करतो. तांबडी घामाघूम झाल्यावर मेहरबानी करते. पण ओव्हरटेक करायचं असेल तर तांबडीसारखी तांबडीच, ट्रक बघता बघता मागं. करडीच्या डिकीत तुरीचं पोतं आरामात मावतं. तांबडीत पोतं मावतं, मग डिकी लागत नाही. असले वाद आम्ही चहा गार होईपर्यंत घालायचो. हळूहळू तुम्हीचं तू झालं. चहा एकाचा दोन झाला, मग सोबत चुरमुऱ्यांचा सुसला आला. हॉटेलची मालकीण मल्लेश्वरीअक्का आम्ही दिसलो की न विचारता कोपऱ्यातलं टेबल पुसायची. आणि मी अमावस्येची वाट बघायला लागले. लोक पौर्णिमेची बघतात, माझं सगळंच उलटं.

पण एक गोष्ट मला खुपत होती. त्या वर्षात मला बघायला तीन स्थळं आली, आणि तिघांनीही आधी अंगणात थांबून गाडी बघितली. एकानं मला शिक्षण विचारलं आणि अप्पांना गाडीचं ॲव्हरेज. पोह्यांपेक्षा करडीचा पिकअप त्यांना जास्त आवडला. मी तिघांनाही नकार दिला. आणि मग मनात आलं, महेश तरी वेगळा आहे का? पहिल्या दिवशी तो माझ्याकडं न बघता करडीच्या पोटाखाली वाकला होता. तो दर महिन्याला हुमनाबादला येतो तो माझ्यासाठी की करडीसाठी? हा प्रश्न मला झोपू देईना. कारण माझं उत्तर ठरलेलं होतं. तांबडी मला आवडत होती, पण ती नसती तरी मी यष्टीनं हुमनाबादला गेले असते.

श्रावणातल्या बदलीला पाऊस इतका होता की हॉटेलात पाणी शिरलं. आम्ही करडीत जाऊन बसलो. काचांवर वाफ, बाहेर नुसता पांढरा पडदा. करडीचे वायपर न सांगता आपले आपण चालत होते.

"शैला," तो म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच शैला म्हटलं. "तुला एक सांगायचं होतं... बरेच दिवस झाले."

"सांग की."

तो समोरच्या काचेकडं बघत राहिला. वायपर दोनदा गेले, आले. त्याच्या बोटांनी स्टीअरिंगवर ठेका धरला होता, आणि माझं काळीज त्याच ठेक्यात.

"करडीच्या मागच्या डाव्या टायरला... फुगा आलाय. बदलून घे."

"हे सांगायचं होतं बरेच दिवस?"

"...व्हय."

मी पावसातच उतरले, तांबडीत जाऊन बसले आणि दार आपटलं. जिच्या दाराला मी कधी बोटाचा ठसा उमटू दिला नव्हता, त्या गाडीचं दार. घरी येईपर्यंत मी त्याला मनात जितकं बोलले तितकं आयुष्यात कुणाला बोलले नाही. करडी आता त्याच्याकडं होती, म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करून टायर बदलायला मात्र त्यालाच सांगितलं. फुगा खरंच होता.

दिवाळीनंतर शेवटची बदली. आता येळवसला निकाल, मग ज्याची गाडी त्याच्या दारात. भेटायला कारण उरणार नव्हतं. तांबडी मी घेऊन जायची आणि येळवसला शेतात परत करायची, असं ठरलं होतं. त्या दिवशी चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही.

"तुम्ही घरचे करडी विकणार असाल तर दुसऱ्या कुणाला देऊ नका," तो म्हणाला. "मला पाहिजे ती."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. "एवढंच पाहिजे?"

"तेवढं तरी," तो म्हणाला आणि खाली बघितलं.

माझं उत्तर मला मिळालं होतं. चौथं स्थळ, आणि हे तर पोहे खायलाही आलं नव्हतं. मी चावी उचलली, मल्लेश्वरीअक्काकडं न बघता निघाले. कमलापूरची वळणं त्या दिवशी मला दिसलीच नाहीत, डोळे भरले होते.

येळवसच्या आदल्या संध्याकाळी अप्पांनी तांबडी चालवायची हौस भागवून घेतली, उद्या ती जाणार म्हणून. सकाळी अप्पा आणि अव्वा शेजाऱ्यांच्या जीपमधून पुढं गेले. आंबिलीचं मडकं मागच्या सीटवर ठेवून, पट्टा बांधून, मी तांबडीत बसले. अप्पांनी सीट आपल्या मापाची करून ठेवली होती. वर्षभरात मला या गाडीत बटण दाबायची वेळच आली नव्हती. हातात यायची तेव्हा तांबडी माझ्याच मापावर बसवलेली असायची. मी दोन दाबलं. पाहुण्याचा नंबर, म्हणजे माझा.

सीट मागं गेली. आणखी मागं गेली. आरसे वर उचलले गेले आणि त्यांत मला मिलचं छप्पर दिसायला लागलं. पाय ब्रेकला पोचेनात. हे माप माझं नव्हतं. एवढे लांब पाय फक्त एकाच माणसाचे होते.

काहीतरी चुकलं म्हणून मी एक दाबलं. मालकाचा नंबर.

सीट हळूहळू पुढं आली. पाठ जराशी सरळ झाली, मला आवडते तितकीच. आरसे खाली झुकले आणि मागचा रस्ता बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आला. मी परत दोन दाबलं, परत एक. गाडी तेच सांगत होती. कुठल्यातरी महिन्यात महेशनं स्वतःच्या गाडीतला मालकाचा नंबर मला देऊन टाकला होता, आणि तेव्हापासून स्वतःच्या गाडीत बसताना तो पाहुण्याचं बटण दाबत होता. आणि मला एका अक्षरानं बोलला नव्हता. टायरचा फुगा तेवढा सांगितला होता शहाण्यानं.

मी तांबडी जशी चालवली तशी आयुष्यात कुठली गाडी चालवली नाही. पोलीस आणि अव्वा, दोघांनाही हे सांगू नका. कमलापूर कधी गेलं, हुमनाबाद कधी गेलं, कळलं नाही. मागं मडकं डुचमळत होतं, आंबटसर वास येत होता, आणि मी एकटीच मोठ्यानं "व्हय, व्हय" म्हणत होते. राजेश्वरला मामाच्या शेताची गाडीवाट आली. वर्षभरापूर्वीचा उंचवटा तिथंच होता. डांबरीवर गाडी लावून चालत जायचं, एवढी अक्कल मला होती. त्या दिवशी ती वापरायला वेळ नव्हता.

कर्र.

तांबडी पोटावर बसली. मागचं मडकं कलंडलं, आणि आंबील त्याच्या सीटवर, गालिच्यावर, दारापर्यंत.

बांधावरून महेश धावत आला. अनवाणी, धोतराचा सोगा हातात. करडी त्यानं शहाण्यासारखी डांबरीवरच लावली होती, ती मला येताना दिसली होती. मी काच खाली केली. वाटलं, आता हा वाकेल, गाडीचं पोट बघेल, मग मागची सीट बघेल आणि डोक्याला हात लावेल.

त्यानं गाडीकडं बघितलंच नाही.

"रडायलीस कामून?" तो म्हणाला. "लागलं का कुठं?"

"एक नंबरवर मी कामून हाय?"

तो थांबला. कानापर्यंत लाल झाला, तांबडीपेक्षा जरा कमी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्या बदलीपासून. तुझ्या मापाची सीट... मला मोडवेना. म्हणलं, गाडी तिचीच, आपण आपलं पाहुणं."

"मग बोलला कामून न्हाईस?"

"बोलणार होतो की, त्या पावसात. तोंडातून टायर निघाला."

मला हसू आलं, पण अजून एक काटा रुतलेला होता. "आणि करडी मागितलीस ती?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "तुझे अप्पा मागं भेटले होते पंपावर. म्हणले, पोरगीचं लग्न झालं की करडी काढून टाकतो, चालवणार कोण? म्हणलं... तू तर दुसरीकडं जाणार. निदान ती तरी कुणा परक्याच्या हाती नको. तिच्यात तुझा वास हाय."

"लसणाचा हाय. तुझ्याच चटणीचा."

"त्यात तुझा बी हाय," तो हळूच म्हणाला.

वर्षभर मी जे ऐकायला तरसले होते ते असं आलं, लसणाच्या वाटेनं. मी खाली उतरले. त्याचा हात धरला, पहिल्यांदाच, आणि त्याला ओढत डांबरीवर करडीपाशी नेलं.

"बस."

तो बसला. दोन नंबरवर, त्याच्या लांब पायांच्या मापावर. मी उघड्या दारातून वाकले. लक्षात ठेवायचं बटण दाबलं, आणि त्यानंतर एक. करडीनं टिंग केलं.

"आता तुझं माप पुसलं की," तो म्हणाला. "एक नंबर तर तुझा—"

"माझ्या गाडीत मी पाहुणी. चालेल मला. तुझ्या गाडीत मालकीण हाय ना?"

माझा हात बटणावर होता, त्यावर त्यानं आपला ठेवला. मला तो दिवसभर तसाच राहिला असता तरी चाललं असतं, पण कोपीकडून मामाची हाक आली. जेवणं खोळंबली होती.

आम्ही गेलो तेव्हा अप्पा कोपीपुढं मांडी घालून बसले होते. माझ्या हातात रिकामं मडकं, महेशचं धोतर चिखलानं भरलेलं. अव्वानं आमच्याकडं बघितलं, मग मडक्यात बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. महेशच्या घरून आलेली आंबील सगळ्यांना वाटली गेली. या वर्षी करडीतून आलेली, थेंब न सांडलेली.

"हं," अप्पा म्हणाले. "वर्ष झालं. निकाल सांगा. कोणती गाडी चांगली?"

महेशनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं.

"अप्पा," शेवटी मीच म्हणाले, "निकाल न्हाई लागला. एक महिना इथं, एक महिना तिथं, असं नीट कळत न्हाई. दोन्ही गाड्या... एकाच दारात उभ्या करून बघायला पाहिजेत."

मामाचा घास हातातच राहिला. अव्वानं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काय मला दिसेना. अप्पांनी वाटी तोंडाला लावली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत आंबील प्याले, आणि मिशा पुसल्या.

"कुणाच्या दारात?" त्यांनी विचारलं.

महेशनं घसा खाकरला. "राजेश्वरला... आमच्या. तुमची मर्जी असली तर."

अप्पांनी लांब गाडीवाटेकडं बघितलं. तिथं तांबडी अजून पोटावर बसलेली होती.

"मग आधी ती वाट नीट करून घ्या," ते म्हणाले. "दर येळवसला मी काय माझ्या पोरीला ट्रॅक्टरनं ओढून आणू?"